दोन हातांत दोन पट्टे, मग वार किती?

१ जून ते ३१ जुलै मालवणच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, समुद्र करडा आणि खवळलेला, आणि संध्याकाळी वीज गेली की घराघरांतून पत्त्यांचे कॅट बाहेर येतात. आमच्या ओटीवर गेली काही वर्षे पत्त्यांऐवजी फासे येतात. भाचा सुट्टीत येतो, त्याचे दोन मित्र जमतात आणि आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ मांडतो. गोष्ट पुढे नेण्याचे काम माझ्याकडे असते.

या वर्षी भाच्याने आपले पात्र बनवले ते खिंड अडवून उभ्या राहणाऱ्या योद्ध्याचे. ते कुठून आले हे सांगायला नको. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत लढलेल्या बाजीप्रभू देशपांड्यांचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या भिंतीवर नाहीतर दिनदर्शिकेवर पाहिलेले असते, आणि त्या चित्रात त्यांच्या दोन्ही हातांत शस्त्र असते. भाच्याने पात्राच्या कागदावर लिहिले : डाव्या हातात दांडपट्टा, उजव्या हातात दांडपट्टा. पहिली चकमक सुरू झाली, त्याने फासा टाकला, वार लागला, आणि मी पुढच्या गड्याकडे वळलो. त्याने मला थांबवले.

“मामा, दोन पट्टे आसत, मगे दोन वार कित्याक नाय?”

प्रश्न रास्त होता. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक मोठ्या आवृत्तीत या एका प्रश्नाचे उत्तर बदलले आहे. ते का बदलते आणि आज ते कसे वाचायचे, हे समजले की खेळाचा बराचसा सांगाडा समजतो.

दशावतार आणि फासा

हा खेळ कधी न पाहिलेल्या माणसाला तो कसा सांगावा, हे आमच्या जिल्ह्यात फार सोपे आहे. जत्रेतला दशावतार आठवा. संहिता लिहिलेली नसते. आज कोणते आख्यान आणि राजा कोण, राक्षस कोण, एवढे ठरते. पुढचे संवाद नट रंगमंचावर उभे राहून, त्या क्षणी रचतात. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्येही असेच आहे. प्रत्येक गडी एका पात्राच्या तोंडून बोलतो आणि एक जण सूत्रधार असतो. तो प्रसंग मांडतो, शत्रूंच्या भूमिका करतो आणि नियमाबद्दल शंका आली तर निर्णय देतो.

फरक एकच, पण मोठा. दशावतारात संकासूर मरणार हे पहिल्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असते. या खेळात कोण जिंकणार हे सूत्रधारालाही ठाऊक नसते. ते फासा ठरवतो, आणि फाशावर विश्वास ठेवायचा तर नियम लागतात.

वाराचा नियम असा : वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कसबाचा आकडा मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या बचावाच्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली की वार लागला. मग दुसरा फासा टाकून इजा मोजायची. आखूड तलवारीला सहा बाजूंचा एक फासा असतो, दोन्ही हातांनी पेलायच्या महाखड्गाला सहा बाजूंचे दोन. त्यात योद्ध्याच्या ताकदीचा आकडा मिळवायचा.

लढाई फेऱ्याफेऱ्यांनी चालते. सध्याच्या नियमांत एक फेरी म्हणजे सुमारे सहा सेकंद. तेवढ्यात प्रत्येकाला एक मुख्य कृती करता येते आणि काही विशिष्ट कारण मिळाले तरच त्यासोबत एक छोटी जोडकृती.

जोडकृती म्हणजे स्कूटरची मागची सीट समजा. स्कूटर सुरू झाली तर त्या सीटचा उपयोग, आणि तिथे एका वेळी एकच : शाळेतून मुलाला आणायचे किंवा गॅसचा सिलिंडर. सीट आहे म्हणून दोन्ही बसत नाहीत. दुसऱ्या शस्त्राचा सगळा नियम या मागच्या सीटवर बसलेला आहे.

खऱ्या लढाईत डावा हात काय करी?

नियमाकडे जाण्याआधी थोडे मैदानात जाऊ. दोन शस्त्रे म्हणजे दुप्पट वार, हा हिशोब इतका सरळ असता तर जगातल्या प्रत्येक सैनिकाने दोन तलवारी घेतल्या असत्या. तसे झाले नाही. मराठा शिपाई एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल घेऊन लढे. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसऱ्यांची ढाल तुटली तेव्हा त्यांनी डाव्या हाताला कापड गुंडाळून त्यावर वार झेलले, असे परंपरा सांगते. हाती काही उरले नाही तेव्हाही डाव्या हाताने बचावाचेच काम केले, हे त्या कथेत मला फार महत्त्वाचे वाटते.

युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात लांब, निमुळत्या तलवारीसोबत डाव्या हातात कट्यार धरण्याची पद्धत होती. त्या कट्यारीचे मुख्य काम समोरच्याचे पाते अडवणे. जपानमध्ये मियामोतो मुसाशी या योद्ध्याने दोन तलवारींची स्वतंत्र शाखा उभी केली, पण तीही एक लांब आणि एक आखूड अशी.

कारण शरीरात आहे. वार नुसत्या मनगटातून येत नाही. पाय रोवला जातो, कंबर वळते, खांदा पुढे येतो आणि शेवटी हात येतो. कंबर एकच आहे. ती एकाच क्षणी उजवीकडे आणि डावीकडे वळू शकत नाही. दशावतारातल्या मृदंगवाल्याकडे पाहा. दोन हात आहेत म्हणून त्याचा ताल दुप्पट वेगाने पुढे जात नाही. उजवा हात बोल काढतो, डावा घुमारा देतो. दोघे मिळून एकच काम करतात.

उलट, दोन्ही हात एकाच पात्याला लावले तर काय होते, ते आमच्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसते. आडाळो पायाखाली दाबलेला, पाते स्थिर, आणि सुरमईवर दोन्ही हातांचा भार. जाड काटाही एका दाबात तुटतो. महाखड्गाला दोन फासे का, याचे उत्तर त्या आडाळ्याजवळ आहे.

नियम, शब्द सुटा करून

२०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीतला नियम चार-पाच ओळींचा आहे, आणि वाद होतात ते त्या ओळी एका दमात वाचल्यामुळे. माझ्या भाषेत सांगायचे तर तो असा : मुख्य कृती म्हणून हल्ला केला आणि त्यात एका हातातल्या हलक्या शस्त्राने वार केला, तर दुसऱ्या हातातल्या वेगळ्या हलक्या शस्त्राने जोडकृती म्हणून आणखी एक वार करता येतो, मात्र या दुसऱ्या वाराच्या इजेत ताकदीचा आकडा मिळवायचा नाही.

मी भाच्याला सांगितले की यातला प्रत्येक शब्द म्हणजे दुसऱ्या वाराची किंमत आहे. शब्द गाळलास की किंमत बुडवलीस.

‘मुख्य कृती म्हणून हल्ला’ हे पहिले. शत्रू तुमच्या टप्प्यातून पळू लागला तर त्याला पाठमोरा एक वार करण्याची संधी हा खेळ देतो. तो वार ‘प्रतिक्रिया’ या वेगळ्या खात्यात मोडतो. तिथे मुख्य कृती नाही, म्हणून दोन पट्टे असले तरी वार एकच. स्कूटर बंद असेल तर मागच्या सीटवर बसून कुठे जाणार?

‘हलके’ हा शब्द दोन्ही शस्त्रांना लागतो. नवे गडी इथे हमखास चुकतात. त्यांना वाटते की फक्त डाव्या हातातले शस्त्र हलके असले की झाले. कट्यार, आखूड तलवार, वाकडी शमशेर ही हलकी. लांब तलवार हलकी नाही. आणि हलकेपणा इथे तराजूवरचा नाही, तो शस्त्राच्या तक्त्यात लिहिलेला गुण आहे. सोने आणि कापूस यांच्या वजनाचा वाद इथे चालत नाही. तक्त्यात ‘लाइट’ लिहिले आहे की नाही, एवढेच पाहायचे.

‘वेगळे शस्त्र’ म्हटल्यामुळे एकच तलवार उजव्या हातातून डाव्या हातात फेकून दुसरा वार मागता येत नाही. हा प्रयत्न आमच्या ओटीवर झालेला आहे. पण नियमात डावा-उजवा असा भेद मात्र कुठेच नाही. पहिला वार कोणत्याही हाताने करा, दुसरा उरलेल्या हाताने. डावखुऱ्या माणसाला वेगळी वागणूक नाही, हे मला या आवृत्तीचे मोठेपण वाटते.

‘जोडकृती’ असल्यामुळे तो वार फेरीत एकदाच. पुढे योद्धा तरबेज झाला आणि त्याला मुख्य कृतीत दोन वार मिळू लागले, तरी मागच्या सीटवर एकच जण. म्हणजे एकूण तीन वार, चार नाहीत.

शेवटचा ताकदीचा भाग. दुसऱ्या वाराच्या इजेत ताकद मिळवायची नाही, कारण कंबर आणि खांदा पहिल्या वारात खर्च झाले. दुसरा वार उरलेल्या वेगावर येतो. मात्र पात्र इतके दुबळे असेल की त्याचा आकडा उणे असेल, तर ते उणे दुसऱ्या वारातही धरायचे. सवलत मिळत नाही ती फक्त बळाची.

चौकट : एका फेरीचा हिशोब

*समजा योद्ध्याच्या ताकदीचा आकडा ३ आहे. सहा बाजूंच्या फाशाची सरासरी ३.५.*

*दोन आखूड तलवारी : पहिला वार ३.५ + ३ = ६.५. दुसरा वार नुसता ३.५. एकूण १०.*

*एक महाखड्ग : ३.५ + ३.५ + ३ = १०.*

*आता शत्रूच्या बचावाचा आकडा १४ आणि आपले कसब ५ धरा. फाशावर ९ ते २० यांतले काहीही चालेल, म्हणजे वीसपैकी बारा वेळा, ६० टक्के. महाखड्गवाला १०० पैकी ४० वेळा पूर्ण रिकामा जातो. दोन तलवारींवाल्याचे दोन्ही वार चुकण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४, म्हणजे फक्त १६ टक्के. निदान एक वार लागण्याची शक्यता ८४ टक्के.*

भाच्याने हा हिशोब वहीत स्वतः मांडला आणि बराच वेळ त्याकडे पाहत बसला. दोन्हीकडे १०! नियम करणाऱ्यांनी ताकदीचा आकडा दुसऱ्या वारातून का काढला, ते इथे उघड होते. तो काढला नसता तर दोन तलवारी १३ वर गेल्या असत्या आणि महाखड्ग कुणी उचललेच नसते.

मग निवडीला अर्थ काय उरला? अर्थ उरला तो जोखमीत. रोज थोडे मासे मिळणारी पाग टाकावी की एखाद्या दिवशी घबाड आणि एरवी रिकामी परतणारी रापण ओढावी, तसा हा प्रश्न. महिन्याची सरासरी एक असली तरी रोजचे जगणे वेगळे असते.

कुणाला हा सौदा परवडतो

पहिल्या काही पातळ्यांवर दोन शस्त्रे बरोबरीत चालतात. दुसऱ्या हाताचा खास सराव करून ‘टू वेपन फायटिंग’ ही लढण्याची शैली घेतली, तर दुसऱ्या वारातही ताकद मिळवता येते, एकूण १३. महाखड्गवाल्याच्या शैलीत इजेच्या फाशावर १ किंवा २ पडले तर फासा पुन्हा टाकता येतो, तेव्हा त्याची सरासरी सुमारे ११.३ होते. दोन तलवारी पुढे.

पाचव्या पातळीला पारडे फिरते. योद्ध्याला मुख्य कृतीत दोन वार मिळतात. महाखड्ग म्हणजे २२.७, आणि तीन वारांच्या आखूड तलवारी म्हणजे १९.५. मुख्य कृती वाढली, मागची सीट मात्र तेवढीच राहिली. भाच्याला हे मी पहिल्याच संध्याकाळी सांगितले. नियम सोपा करून सांगण्याच्या नादात पुढचा खड्डा लपवू नये, असे मला वाटते.

चोरपावलांनी लढणाऱ्या ‘रोग’ या पात्राचा हिशोब निराळा. त्याला प्रत्येक पाळीत एकदा, योग्य संधी साधली तर, मर्मावर वार करून जास्तीचे फासे टाकता येतात. पहिला वार चुकला तर दुसरा वार ही त्याची दुसरी संधी. त्याच्यासाठी ६० टक्क्यांचे ८४ टक्के होणे म्हणजे दुसऱ्या तलवारीच्या ३.५ इजेपेक्षा कितीतरी मोलाचे. पण तोच रोग दुसऱ्या पातळीपासून जोडकृतीतून निसटू किंवा लपू शकतो. वार करायचा की सटकायचे? पुन्हा तीच सीट.

आवृत्त्यांचा प्रवास

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफा खेळलेल्या माणसाला एक गोष्ट माहीत असते. १२० पाने, दहा रंग. पण अर्ध्या रंगांत आकड्यांची चढण एका दिशेने आणि उरलेल्या अर्ध्यांत उलटी. एकदा एक्का मोठा, एकदा लहान. पान हातात आले की आधी रंग विचारावा लागतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमाबद्दल वाद झाला की आधी आवृत्ती विचारावी, ते याचसाठी.

१९७९च्या सूत्रधाराच्या पुस्तकात दुसऱ्या शस्त्राला परवानगी होती, पण ते कट्यार किंवा हातकुऱ्हाडच हवे; फाशातून मुख्य हाताला २ आणि दुसऱ्या हाताला ४ वजा. चपळ माणसाला त्यातली काही वजाबाकी माफ होई. त्या काळी फेरी एका मिनिटाची होती आणि एक फासा म्हणजे मिनिटभराच्या अनेक हुलकावण्यांतून निघालेला नेमका वार मानला जाई. १९८८ साली आर. ए. साल्व्हातोरे यांच्या कादंबरीत ड्रिझ्ट हा दोन शमशेरींचा नायक आला आणि दोन पात्यांचे वेड पसरले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने दंड जबर केला : सराव नसेल तर एका हाताला ६ आणि दुसऱ्याला तब्बल १० वजा. हा दंड कमी करण्यासाठी एकापुढे एक कौशल्ये विकत घ्यावी लागत. २००८च्या चौथ्या आवृत्तीने तर नुसती दोन शस्त्रे धरल्याबद्दल जादा वार देणेच बंद केले.

वजाबाक्या जाऊन जोडकृती आली ती २०१४ साली. २०२४च्या पुस्तकाने आणखी एक खिडकी उघडली : कट्यार किंवा शमशेरीसारख्या काही शस्त्रांवर प्रभुत्व मिळवलेल्या पात्राला तो जादा वार मुख्य कृतीतच उरकता येतो, म्हणजे मागची सीट मोकळी. हा बदल मला मनापासून आवडला. पन्नास वर्षे लोक एका प्रश्नावर डोके खाजवतात आणि उत्तर हळूहळू घासून गुळगुळीत होते, ही साधी गोष्ट नाही.

मग पट्ट्याचे काय?

नियमपुस्तकात दांडपट्टा नाही. अशा वेळी सूत्रधाराने शस्त्राकडे पाहावे आणि मग तक्त्याकडे. पट्ट्याचे पाते सरळ, लांब आणि लवचीक. मूठ आडवी, आणि तिच्यावर कोपराकडे जाणारे लोखंडी कवच, त्यामुळे मनगट जखडलेले. वार फिरतो तो अख्ख्या हातातून आणि खांद्यातून. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्टा चालवणारा माणूस जमिनीवरचे लिंबू कापतो तेव्हा त्याचे पाय आणि कंबर पाहा, म्हणजे कळेल. हे शस्त्र कोणत्याही अर्थाने ‘हलके’ नाही.

म्हणून मी निर्णय दिला : पट्टा म्हणजे लांब तलवारीसारखा, आठ बाजूंचा फासा, हलकेपणाचा गुण नाही. म्हणजे दोन पट्ट्यांनी साध्या नियमात दुसरा वार नाही. भाच्याचा चेहरा उतरला. पण नियमातच एक दार आहे. २०१४च्या पुस्तकात ‘ड्युअल विल्डर’ नावाचे खास कौशल्य आहे. ते मिळवणाऱ्याला हलकी नसलेली एकहाती शस्त्रेही दोन्ही हातांत वापरता येतात, आणि दोन्ही हातांत वेगवेगळे शस्त्र असेपर्यंत त्याच्या बचावाच्या आकड्यात १ मिळतो. दुसऱ्या हाताचे जुने काम, अडवण्याचे, नियमाने असे ओळखले आहे. दोन पट्टे घेऊन खिंड लढवणारा माणूस कोण असतो, तर ज्याने इतर काहीतरी सोडून हे कौशल्य कमावले तो. भाच्याचे पात्र चौथ्या पातळीला पोचेपर्यंत डाव्या हातात ढाल घेऊन लढले, आणि मग त्याने ढाल खाली ठेवली.

आमच्या ओटीपुरते मी आणखी दोन नियम जोडले. पट्टा हातातून कुणी उडवू शकत नाही, कारण तो हातावर चढवलेला असतो. आणि त्याच कारणाने तो हात दुसऱ्या कशालाही मोकळा नाही. पट्टा उतरवायला एक पूर्ण मुख्य कृती लागते.

जुलैच्या शेवटच्या रविवारी खिंडीचा प्रसंग आला. पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात बोलणे ऐकू येईना. पहिला पट्टा चुकला, दुसरा लागला, शत्रूचा म्होरक्या कोसळला आणि पोरांनी ओरडून ओटी डोक्यावर घेतली. त्याच फेरीत भाच्याच्या मित्राच्या पात्राचा कड्यावरून पाय घसरला. ते पात्र एका मुळाला लोंबकळत होते, हातभर अंतरावर. समोर आणखी दोन शत्रू चढून येत होते.

“माका धर!” मित्र म्हणाला.

भाचा चटकन म्हणाला, “मी डावा हात पुढे करतो.”

“डाव्या हातात पट्टा आहे,” मी म्हटले. “उतरवायला तुझी आख्खी कृती जाईल. वार एकही नाही.”

त्याने फासा पाटावर ठेवला आणि दोन्ही मोकळे हात गुडघ्यांवर घेऊन, कड्याच्या नकाशाकडे पाहत तो विचार करत राहिला.